खिशातला चाकू कुठला घेऊ? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या वेळी घरातल्या अवजारांच्या डब्यावर लिहिताना मी एका ओळीत म्हणून गेलो की डब्यापेक्षा खिशातला घडीचा चाकूच जास्त वेळा कामाला येतो. झालं, पान्या-पकडींबद्दल कोणी काही विचारलं नाही, सगळी पत्रं त्या एका ओळीवर. म्हणून या वेळी फक्त चाकू. सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: रोज लोकलने डोंबिवली ते ठाणे. ऑफिसात पार्सलं उघडायची असतात, डब्यात फळं असतात, सुट्टीला ट्रेक असतो. बजेट तीन हजार. ऑनलाइन एक काळा, जाड पात्याचा, "टॅक्टिकल" लिहिलेला चाकू आवडलाय, एका बोटाने फटकन उघडतो आणि स्टील डी-टू आहे म्हणे. बायको म्हणते हा बाहेर काढलास तर लोक गाडीतून उतरतील. घेऊ का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: वहिनींचं ऐका. आणि मासिकवाल्यांनी पण तेच सांगितलं असं त्यांना आवर्जून कळवा, घरात तेवढेच चार मार्क.

तुमची कामं तुम्हीच लिहून पाठवलीत. टेप, पुठ्ठा, सुतळी, सफरचंद, ट्रेकला काकडी-कांदा. ह्यातल्या एकाही कामाला जाड पातं लागत नाही, उलट नडतं. आपण म्हणतो चाकू धारेमुळे कापतो, पण धार नुसतं तोंड पाडून देते, तिच्या मागची जाडी आत शिरायला लागली की खरी गंमत सुरू होते. साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचं पातं गाजरात घालून बघा, अर्ध्यापर्यंत जातं आणि मग गाजर कापलं न जाता कडकन फुटतं, एक तुकडा शेजारच्याच्या ताटात. तेच ओपिनेल ह्या फ्रेंच घडीच्या चाकूचं पातं, जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर आणि धारेकडे आणखी निमुळतं होत गेलेलं, शेवटपर्यंत सरळ उतरतं, चकती पात्यालाच चिकटून राहते. जाहिरातीत पात्याची लांबी लिहितात, स्टीलचं नाव लिहितात, वजन लिहितात, धारेमागची जाडी कोणी लिहीत नाही, आणि रोजच्या कामात सगळ्यात जास्त फरक पडतो तो तिचाच.

आता डी-टू. टूलरूममध्ये काम केलेल्यांना हे एचसीएचसीआर (हाय कार्बन, हाय क्रोमियम) म्हणून माहीत असेल, भोसरी-चाकणकडे डाय-पंच ज्याचे बनवतात तेच. साधारण दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. झिजायला चिवट, धार भरपूर टिकते हे खरंच आहे. पण बारा टक्के क्रोमियम वाचून त्याला स्टेनलेस समजू नका, कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी जोडलं जाऊन कार्बाइड होऊन बसतं आणि गंज अडवायला मोकळं राहतं ते कमी. लिंबू कापून तसाच मिटलात किंवा पावसाळ्यात घामट खिशात राहिला की ठिपके येणारच. आणि धार गेल्यावर घरच्या साध्या दगडावर ती परत आणायला बसाल तेव्हा अर्धा रविवार जाईल.

त्या मानाने व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील मऊ, 56 रॉकवेलच्या (स्टीलचा कडकपणा मोजायचं माप) आसपास, आणि ऑनलाइन पंडित त्यावरून त्याला नाकं मुरडतात. मुरडू देत. 1891 पासून स्विस सैन्याला चाकू देणारी कंपनी आहे, कडक स्टील वापरता येत नाही म्हणून मऊ ठेवलंय असं काही नाही. मऊ असल्यामुळे धार लवकर जाते पण दगडावर थोडं फिरवलं की लगेच परत येते, आणि गंजाचं तर नावच नको.

तर तीन हजाराच्या आत माझ्या डोक्यात दोनच नावं येतात. फळं-भाजी जास्त असेल तर ओपिनेल आठ नंबर, स्टेनलेस पात्याचा. साडेआठ सेंटीमीटर पातं, लाकडी मूठ, वजन पन्नास ग्रॅमच्या आत, आणि मुठीच्या तोंडाशी एक फिरणारी धातूची कडी असते ती फिरवली की पातं अडकतं. सटरफटर कामं जास्त असतील तर व्हिक्टोरिनॉक्स स्पार्टन. मिटलेला 91 मिलिमीटर, त्यात एक मोठं पातं, एक छोटं, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, दोन्हीच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर, भोक पाडायची आरी, चिमटा, टूथपिक. बुचाचा स्क्रूपण असतो, त्याने वाइन उघडणारे आपल्यात थोडे, पण ट्रेकला भिजलेल्या बुटाच्या नाडीची गाठ त्याने जशी सुटते तशी नखांनी सुटत नाही. तुमच्यासाठी मी स्पार्टन म्हणेन. छोटं पातं टेप-पुठ्ठ्याला ठेवायचं आणि मोठं फक्त खाण्याच्या गोष्टींना, कारण पुठ्ठा धार खातो आणि टेपचा गोंद सफरचंदाला लागतो. लाल रंगाचा असतो, लोकलमध्ये काढलात तर कोणी उतरणार नाही, उलट शेजारचा म्हणेल जरा देता का.

प्रश्न: खिशात चाकू सापडला आणि पोलिसांनी धरलं तर? एक मित्र म्हणतो 6 इंचांच्या वर बेकायदा, दुसरा म्हणतो चाकू जवळ ठेवणंच बेकायदा. खरं काय?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: पहिला मित्र चुकीचा. दुसरा पण चुकीचा, पण काही दिवशी काही ठिकाणी तो बरोबर निघू शकतो, आणि लोकांना माहीत नसतं ते नेमकं हेच.

मुळात कायदा म्हणजे 1959 चा शस्त्र कायदा. त्यात शस्त्राची व्याख्या करतानाच फक्त घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू बाहेर काढल्यात. पुढे नियमांमध्ये धारदार शस्त्रांची यादी आहे, तलवार, खंजीर, भाला वगैरे, त्यात चाकू आणि तसली इतर शस्त्रं येतात ती 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय, औद्योगिक कामाची वगळलेली. 9 इंच म्हणजे जवळजवळ 23 सेंटीमीटर, तेवढं पातं मिटून खिशात मावणारच नाही. म्हणजे ओपिनेल, व्हिक्टोरिनॉक्स ह्या मापाच्या आसपासही जात नाहीत.

आता दुसऱ्या मित्राची बाजू. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 37(1). सणासुदीला, निवडणुकीला, कुठे तणाव असला की पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी आदेश काढतात, तुम्ही पेपरात वाचला असेल, "शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या किंवा लाठ्या" आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ बाळगायला मनाई. हा आदेश लागू असताना तुमचा चाकू किती इंची, कुठल्या कंपनीचा ह्याला काही अर्थ राहत नाही. मोडला तर कलम 135 खाली शिक्षा आहे. असा आदेश ठरावीक दिवसांपुरता असतो, पण एक संपला की दुसरा निघतो, त्यामुळे गणपती-नवरात्रात चाकू सरळ घरी ठेवा. मिरवणुकीत तर अजिबातच नको.

दिल्लीला जाणार असाल तर तिकडची वेगळी अधिसूचना आहे, 1980 ची. बटण दाबून, स्प्रिंगने, गरारीने (दात्यांच्या चक्राने) किंवा दुसऱ्या कुठल्या यांत्रिक युक्तीने उघडणारं-मिटणारं पातं 7.62 सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि 1.72 सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असेल तर ते तिथे शस्त्र कायद्यात येतं. फटकन उघडणारे चाकू घेऊ नका असं मी सारखं म्हणतो त्याचं हे एक कारण. रामपुरीची सगळी दहशत उघडतानाच्या त्या आवाजात होती, आणि तो आवाज काढणारी वस्तू खिशात घेऊन फिरणाऱ्याला "फळं कापायला ठेवलाय" हे सांगणं जड जातं.

बाकी व्यवहार. विमानात केबिनमध्ये चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका. मेट्रो, मॉल, कोर्ट, मोठी देवळं, जिथे बॅग मशीनमधून जाते तिथे चाकू घेऊन जाऊच नका, काढून घेतील आणि परत मिळेलच असं नाही. आणि चाकू खिशात ठेवण्यापेक्षा बॅगेत डब्याबरोबर ठेवलेला बरा, कुणी विचारलं तर डबा दाखवता येतो.

प्रश्न: स्वसंरक्षणासाठी कुठला चाकू चांगला? रात्री उशिरा शिफ्ट सुटते.
(बऱ्याच जणांनी विचारलंय)

उत्तर: कुठलाच नाही. घडीचा चाकू घाबरलेल्या हाताने बाहेर काढून उघडेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं, मग तो हिसकावला जातो, आणि नाही गेला तर तुम्ही आरोपी होता. शिवाय "संरक्षणासाठी बाळगला" असं तुम्हीच म्हणालात की तो घरगुती वापराचा आहे हे सांगायची सोय राहत नाही, वरचं उत्तर परत वाचा. 112 नंबर फोनमध्ये हाताशी ठेवा, कंपनीकडे गाडी मागा, सोबतीने निघा.

प्रश्न: मुलाने ओपिनेल आणून दिला, कार्बन स्टीलचा. कैरी कापली तर पातं काळं पडलं. आणि जून लागल्यापासून तो उघडतच नाही, नख मोडायची वेळ आली. खराब निघाला का?
(निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर: सर, चाकू उत्तम आहे, फक्त तो आल्प्सच्या पायथ्याचा आहे आणि तुमच्याकडचा पाऊस त्याने पाहिलेला नाही.

काळं पडलं ते आधी सांगतो. कार्बन स्टीलला आंबट लागलं की वर करडा-काळा थर धरतो, कैरीने, लिंबाने, कांद्याने, सगळ्याने. आपली जुनी विळी कशी काळी असते, तोच प्रकार. हा थर गंज नाही, उलट गंजाला थोडाफार अडवतो, घासून काढू नका. लाल-तपकिरी दिसलं तर मात्र तो गंज, तो बारीक स्टील वूल आणि तेलाने लगेच काढायचा. कापून झालं की धुवायचा, पुसायचा, आणि मिटायच्या आधी उघडाच थोडा वेळ पंख्याखाली ठेवायचा. पाणी पात्यावरून निघून जातं पण मुठीच्या खाचेत राहतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

तेल लावताना खोबरेल नको, काही दिवसांनी खवट होतं. मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आयपीची बाटली आणा, खायच्या वस्तूंना लागलं तरी घाबरायचं कारण नाही. फणस फोडायचा असेल तेव्हा गोडंतेल हाताला लावता तसंच पात्याला लावा, चीक बसत नाही, पण फणस ह्या चाकूने फोडू नका हो, गरे काढा फार तर.

आता न उघडणं. मूठ बीचच्या लाकडाची, हवेतलं पाणी पिऊन फुगते आणि खाच पात्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरते. फ्रान्समधल्या सवॉयचे लोक, जिथे 1890 मध्ये जोसेफ ओपिनेलने हा चाकू बनवला, ते नखाने ओढत बसत नाहीत. कडी मोकळ्या बाजूला फिरवायची, मूठ हातात धरायची, बोटं पात्याच्या वाटेत नकोत, आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टक्कन आपटायचं. पातं आपसूक थोडं वर येतं, मग चिमटीत धरून उघडा. कायमचं करायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवा कोरडी झाली की मुठीला आणि खाचेच्या आत जवसाचं तेल मुरवा, पुसून चार-पाच दिवस वाळू द्या, परत एक हात. तेल पुसलेलं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचा बोळा तापून आपोआप पेट घेऊ शकतो, दोरीवर पसरून वाळवा. एवढं करूनही पुढच्या जूनमध्ये थोडा घट्ट होईलच. तुम्हाला नको असेल तर चार महिने स्टेनलेसवाला वापरा.

प्रश्न: पर्समध्ये ठेवायला काहीतरी छोटं सुचवा, दिसायला पण बरं हवं.
(एक ताई, सांगली)

उत्तर: व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक एसडी. 58 मिलिमीटर, वीसेक ग्रॅम, किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो, रंग शंभर प्रकारचे. पातं बोटाच्या दोन पेरांएवढं, पण खरं सांगू का, ह्यात चाकूपेक्षा कात्री महत्त्वाची, शॅम्पूची पुडी, ड्रेसचा निघालेला दोरा, औषधाची पट्टी, बाळाचं नख, दिवसभर तीच चालते. टिकलीएवढी दिसते म्हणून हसू नका.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये एमएस्सीसाठी लंडनला चाललोय, रूममेट जर्मनीला. बाबांनी दोघांना एकेक ओपिनेल दिलाय. न्यायचा का?
(विद्यार्थी, पुणे)

उत्तर: बाबांना नमस्कार सांगा, आणि लंडनला नेलात तर तो स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्येच राहू दे. ब्रिटनचा नियम 1988 च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टमध्ये आहे, सार्वजनिक जागी काही कारण न सांगता बाळगता येतो तो फक्त घडीचा चाकू, ज्याची धार 3 इंच, म्हणजे 7.62 सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही आणि ज्याचं पातं लॉक होत नाही. ओपिनेल आठ दोन्हीत नापास, लांबीत पण आणि कडीमुळे लॉकमध्ये पण. तिकडच्या कोर्टांनी लॉक होणारा चाकू घडीच्या सवलतीतून बाहेर काढलाय, लॉक लावलेला असो नसो. सबळ कारण असेल तर गोष्ट वेगळी, पण "बाबांनी दिला" हे सबळ कारण नाही. स्पार्टन, क्लासिक ह्यांना लॉक नसतो, ते त्या मापात बसतात. तरी पबमध्ये, मॅचला, युनिव्हर्सिटीत नेऊ नका, प्रत्येक जागेचे आपले नियम वेगळे असतात.

जर्मनीत उलटीच तऱ्हा. तिथल्या शस्त्र कायद्याच्या 42अ कलमात भर एका हाताने उघडून लॉक होणाऱ्या चाकूवर आहे, तसला योग्य कारणाशिवाय बाळगायचा नाही. ओपिनेल उघडायला दोन हात लागतात म्हणून तो त्यात अडकत नाही. पण 2024 मध्ये नियम आणखी आवळले, जत्रा-उत्सवांच्या ठिकाणी आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये चाकूंना बंदी आली, शिवाय काही शहरांनी स्टेशनं आणि बाजारपेठा चाकूबंदीत टाकल्यात. रूममेटला म्हणावं डब्यात घालून डोंगरात न्यायचा, ख्रिसमस मार्केटला नाही.

प्रश्न: दारावर आलेल्या धारवाल्याकडे व्हिक्टोरिनॉक्स दिला, त्याने चाकावर असा घासला की पातं अर्धं झालं आणि टोकाला निळी झाक आली. आता धार दोन दिवस टिकत नाही. घरी धार लावायला मशीन घेऊ का?
(गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर: ताई, ती निळी झाक म्हणजे स्टील तिथे प्रमाणाबाहेर तापलं. पातळ धारेला चाकावर तेवढं तापायला दोन-चार सेकंद पुरतात, आणि तापलं की पाणी उतरतं, म्हणजे कारखान्यात दिलेला कडकपणा गेला, मग कितीही घासा, धार वळत राहणार. निळा भाग दगडावर हळूहळू झिजवून काढलात की त्याच्या मागचं चांगलं स्टील मिळेल, पातं अजून थोडं अरुंद होईल, इलाज नाही. धारवाल्यांना मी नावं ठेवत नाही, विळी, कोयता, अडकित्ता त्यांच्याकडे बिनधास्त द्या. खिशातला चाकू मात्र देऊ नका.

मशीन नको. ओढायच्या त्या छोट्या खाचेच्या वस्तू पण नकोत, त्या धार लावत नाहीत, ओरबाडतात. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा धारेचा दगड मिळतो, एक बाजू खरबरीत, एक मऊ, तोच आणा, आणि खाली ओलं फडकं घालून तो ओट्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. दगडावर पाणी.

आता कोन, लोक घाबरतात ते इथेच. पातं दोन सेंटीमीटर रुंद असेल तर धार दगडावर टेकवून पाठ 5 ते 7 मिलिमीटर वर उचला, झाला पंधरा ते वीस अंशांचा कोन, पट्टी एकदा बाजूला उभी करून बघा म्हणजे डोळ्याला सवय होते. पातं अरुंद असेल तर त्या प्रमाणात कमी. अजून एक युक्ती, धारेच्या उताराला मुलांच्या काळ्या मार्करने रंगवा आणि दोनदा दगडावर फिरवून बघा. शाई फक्त अगदी धारेजवळची गेली तर पाठ जास्त वर आहे, फक्त वरची गेली तर खाली आहे, सगळी सारखी गेली की हात बसला.

एकाच बाजूने फिरवत राहा, घाई करून उलटापालटा करू नका, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला बर येत नाही. बर म्हणजे धारेवर वळून आलेली स्टीलची सूक्ष्म किनार. ती दिसत नाही, लागते. अंगठा पाठीकडून धारेकडे हलकेच सरकवत बाहेर न्या (धारेच्या लांबीवरून कधीही नाही), शेवटी खरखरीत काहीतरी अडकल्यासारखं वाटेल. ते मुळापासून टोकापर्यंत सगळीकडे लागलं पाहिजे. मग बाजू बदला, परत तेच. मग मऊ बाजूवर, आणि शेवटी एकदा इकडून एकदा तिकडून, नुसत्या चाकूच्या वजनाने. जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून चार हात ओढले की बर निघून जाते. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापून बघा, जिथे अडकतो तिथे काम बाकी आहे.

आणि मधल्या काळात दगड काढायचा कंटाळा आला तर चहाचा कप उपडा करा, बुडाला बिनचकाकीची खरखरीत कड असते, तिच्यावर त्याच कोनात पाच-सहा वेळा फिरवलं तरी आठवडा निघतो.

प्रश्न: भाचा दहा वर्षांचा आहे, कॅम्पला जातो, चाकू मागतोय. लॉकवाला घ्यावा की साधा? लॉक म्हणजे सेफ ना?
(मामा, नाशिक)

उत्तर: लॉक म्हणजे सेफ असं सगळेच धरून चालतात, मोठी माणसंपण. साध्या घडीच्या चाकूत मागे स्प्रिंग असते, ती पातं उघडं धरून ठेवते पण जोर लावला तर मिटू देते, त्यामुळे पोर आपोआप शिकतं की टोकाने भोसकायचं नाही, पाठीवर दाब द्यायचा नाही. लॉकवाल्यात तो धडा राहून जातो. शिवाय बरेच लॉकचे चाकू आतल्या पत्तीचे असतात, मिटताना अंगठ्याने पत्ती बाजूला दाबायची आणि तेव्हा अंगठा नेमका पात्याच्या वाटेत, लहान हातांना ते जमत नाही.

ओपिनेलचा मुलांसाठी सात नंबर येतो, टोक गोल, व्हिक्टोरिनॉक्सचाही गोल टोकाचा येतो. ओपिनेलची कडी पात्यापासून लांब बोटांनी फिरवता येते म्हणून लॉक असूनही तो मुलांना ठीक. दोन्हीतला कुठलाही घ्या, पण बोथट घेऊ नका आणि बोथट होऊ देऊ नका. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि हात सटकतो तो जोर लावतानाच. पहिल्या दिवशी त्याला बसवा, हात पसरून गोल फिरवा म्हणावं, जेवढ्यात हात पोहोचतो तेवढ्यात कोणी नसेल तरच उघडायचा. दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. पहिलं काम काकडी नको, साबणाची वडी द्या कोरायला, मऊ असते, पोरं तासभर गप्प बसतात, बहिणीला उसंत मिळते.

प्रश्न: नर्सरी आहे, आंब्याची कलमं बांधतो. खिशातल्या ओपिनेलनेच काडी तासली तर चालेल का? वेगळा चाकू कशाला?
(कलमं बांधणारे एक काका, दापोली)

उत्तर: काका, हे तुम्ही मला शिकवायचं, पण विचारलंत म्हणून सांगतो. ओपिनेल दोन्ही बाजूंनी उतरता, त्याने काडी तासली की काप किंचित फुगीर येतो, कारण पातं काडीतून बाहेरच्या अंगाला ढकललं जातं. कलमाचा चाकू एकाच बाजूने उतरता असतो, दुसरी बाजू सपाट, ती सपाट बाजू काडीला घासून गेली की काप पट्टीसारखा सरळ येतो आणि पाचर खुंटाच्या (ज्या रोपावर कलम बांधतो त्याच्या) चिरेत बसली की मधे उजेड दिसत नाही. कोय कलमाला खुंट तांबूस पानांचा, कोवळा, तिथे मधे फट राहिली की अंतरसाल अंतरसालीला भिडत नाही आणि काडी सुकते.

म्हणून वेगळा घ्या, आणि घेताना सांगून घ्या, उजव्या आणि डाव्या हाताचे वेगळे येतात, डावखुऱ्याने उजव्याचा घेतला तर सपाट बाजू उलटीकडे जाते. धार लावताना फक्त उतरती बाजू दगडावर फिरवायची, सपाट बाजूला शेवटी बर काढण्यापुरता एक हलका हात, तोही अगदी आडवा. त्या चाकूने सुतळी नको, प्लास्टिकची पट्टी नको, त्याला ओपिनेल आहेच. आणि एका झाडाची काडी कापून दुसऱ्या झाडाकडे वळताना पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या, सुकल्यावरच पुढचा काप.